पार्सलच्या खिडकीतली अमेरिका

केबल कारखान्याच्या वसाहत क्रमांक तीनमध्ये एक गोष्ट फार पूर्वीच ठरून गेली होती, की अमेरिका जे काही करेल त्याचा जाब वेंडेलने द्यायचा. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, याची नोंद नाही. पण चीनमधल्या त्या शेनयांग शहरात सोयाबीन महाग झालं की फाटकाजवळच्या बाकावरची निवृत्त मंडळी वेंडेलची वाट बघत बसत आणि तो दिसला की विचारत, हे काय चालवलंय तुम्ही? सुरुवातीला तो सांगायचा की मी नेब्रास्काचा, माझा यात हात नाही. पुढे पुढे तो नुसती मान डोलवू लागला. त्यानंतर दोनदा भाव खरोखरच उतरले, आणि तेव्हापासून त्याच्या मानेला वसाहतीत वजन आलं.

वेंडेल सहा महिन्यांसाठी आला होता त्याला आता नऊ वर्षं झाली होती. एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत तो इंग्रजी आवाज होता. म्हणजे हुद्दाच तो. "दरवाजे बंद होत आहेत", "कृपया मागे सरकून उभे राहा", "वजन जास्त झाले आहे" ही वाक्यं ईशान्य चीनमधल्या काही हजार लिफ्टमध्ये त्याच्याच आवाजात ऐकू येत. तो स्वतः सहाव्या मजल्यावर राही आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. वसाहतीत त्याचं नाव होतं धाकटा वेन. उंची सहा फूट दोन इंच, वय एकेचाळीस. पण बाकावरच्या सगळ्यांपेक्षा लहान तो धाकटाच.

त्याच्या तीन मजले खाली लुआन मावशी राहत. वय चौसष्ट. सव्वीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या तपासणी विभागात काढली होती आणि त्यांचं काम होतं केबल नापास करणं. पास करायला दुसरी माणसं होती. मावशींनी नापास केलेली केबल टोकाला टोक जोडली असती तर ओहायोपर्यंत पोचली असती. ओहायोला त्यांची मुलगी होती, आणि जानेवारीत मुलीला मुलगी झाली होती. बाळाचा शंभरावा दिवस एप्रिलच्या शेवटी येत होता. शंभराव्या दिवशी आजी हजर नसेल तर त्या बाळाचं पुढे काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण वसाहतीत असं कधी झालंच नव्हतं.

मावशी फेब्रुवारीत व्हिसासाठी अमेरिकन वकिलातीत गेल्या आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या. हातात एक छापील कागद. तो घेऊन त्या थेट सहाव्या मजल्यावर चढल्या आणि वेंडेलच्या टेबलावर त्यांनी तो आपटला.

"तुझ्या लोकांनी मला नापास केलंय."

वेंडेल म्हणाला, फार वाईट झालं. मावशी म्हणाल्या, वाईट होऊ दे, कारण सांग. नापास केलं की शिक्क्याखाली कारण लिहायचं असतं. तांबं कमी आहे, आवरण पातळ आहे, भेंडोळं ओलं आहे. यांनी काय लिहिलंय, तर तुम्ही परत याल असं आम्हाला वाटत नाही. आणि हाच कागद रांगेतल्या पुढच्या म्हाताऱ्यालाही दिला, त्याच्या पुढच्यालाही. तिघांचं तांबं एकाच वेळी कमी कसं असेल?

वेंडेलने सांगून पाहिलं की वकिलातीत त्याच्या ओळखीचं कुणी नाही.

"तुम्ही तेहतीस कोटी," मावशी म्हणाल्या, "आणि तुला एकही ओळखीचा नाही? नऊ वर्षं झाली, म्हणून विसरले असतील. ते जाऊ दे. नऊ एप्रिलला परत बोलावलंय मला. तोवर तू माझी तालीम घ्यायची."

तालमीला खिडकी हवी होती. उभं राहून, काचेपलीकडच्या माणसाकडे बघत उत्तर द्यायची सवय झाली पाहिजे, असं मावशींचं म्हणणं. खिडकी होती फू काकांकडे. फू काका फाटकाचे राखणदार आणि पार्सलच्या खोलीचे मालक; म्हणजे मालक कुणी वेगळंच होतं, पण किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांनी लसणाचं एक पोतं आणि कुणाच्या तरी जावयाने पाठवलेलं ट्रेडमिल बाजूला सरकवून वेंडेलला स्टुलावर बसवलं. समोर जाळीची खिडकी, खिडकीपलीकडे मावशी, त्यांच्या हातात निळी फाइल. वेंडेलने विचारलं, कशाला जाताय? नातीला बघायला. किती दिवस? जमेल तितके. वेंडेल म्हणाला, पास.

मावशींनी फाइल मिटली. त्या शांतपणे म्हणाल्या की मी 'जमेल तितके' म्हटलं आणि तरी तू पास केलंस. तुझ्यासारखा तपासनीस आमच्याकडे असता तर अख्खं शहर अंधारात बसलं असतं. मग त्यांनी त्याला काम शिकवलं. मालाचा मधला भाग बघायचा नाही, तो सगळ्यांचाच चांगला असतो. टोक बघायचं. आणि टोक बघताना माल घेऊन आलेल्याच्या तोंडाकडे बघायचं.

दुसऱ्या दिवशी वेंडेलने टोक बघितलं. त्याच्याकडे अधिकाराचा एकच आवाज होता, लिफ्टचा. त्याच आवाजात त्याने विचारलं, "आपण परत कशासाठी याल?"

मावशींनी एकेक कागद जाळीतून सरकवला. घराचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, एकोणीसशे सत्याऐंशीचं आदर्श कामगाराचं प्रमाणपत्र, चौकात नाचणाऱ्या बायकांच्या मंडळाचा फोटो. वेंडेलने एकाकडेही पाहिलं नाही. नापास, म्हणाला. मावशी खूश झाल्या. म्हणाल्या, शिक्का मार. फू काकांकडे दोन शिक्के होते. एकावर 'पोचलं' आणि दुसऱ्यावर 'पाठवणाऱ्याकडे परत'. वेंडेलने दुसरा उचलला.

त्या संध्याकाळी मावशी आंबवलेल्या कोबीचे डंपलिंग घेऊन वर आल्या. त्याच्या स्वयंपाकघरात एक पातेलं होतं, त्यात शेवया शिजत आणि त्यातूनच खाल्ल्या जात. ते पातेलं घासता घासता मावशींनी त्याला त्याच्या दोन चुका सांगितल्या आणि उद्या जास्त कडक राहायला बजावलं.

आता ज्या खिडकीसमोर एक माणूस उभं असतं त्या खिडकीसमोर दुसरं येऊन उभं राहणं हा माणसाचा धर्म आहे. चौथ्या दिवशी मावशींच्या मागे सातजण होते. त्यातल्या सहाजणांना अमेरिकेला जायचं नव्हतं. तोंग आजोबा तर कबुतरांच्या खाद्याचं पार्सल न्यायला आले होते. वेंडेलने त्यांना विचारलं, परत कशासाठी याल? आजोबा म्हणाले, मी जातोय कुठे? वेंडेलने 'पोचलं'चा शिक्का मारला. ती चिठ्ठी आजोबांनी कबुतरांच्या खुराड्यावर चिकटवली.

मग घोटाळा झाला तो असा. पास व्हायचं म्हणजे आपण घरी परत येणार हे समोरच्याला पटवायचं. नापास म्हणजे हा सुटला की परत येणार नाही. हे वसाहतीतल्या बायकांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले, आणि तिसऱ्या दिवशी पेई नावाची बाई नवऱ्याला हाताला धरून खिडकीशी घेऊन आली. नवरा, शाओ, बस चालवायचा. वेंडेलने नेहमीचा प्रश्न विचारला. शाओ अकरा सेकंद गप्प राहिला. रांगेतल्या तिघांनी मोबाइलवर वेळ लावली होती, म्हणून आकडा पक्का आहे. शिक्का बसला, 'पाठवणाऱ्याकडे परत', आणि पेईने तो शब्दशः अमलात आणला. शाओ चार दिवस त्याच्या आईकडे राहिला. पाचव्या दिवशी त्याने पुन्हा अर्ज केला, प्रश्न संपायच्या आत "बायकोसाठी" म्हणाला आणि सुटला.

त्यानंतर खिडकीला दम घ्यायलाही सवड उरली नाही. लग्न ठरवताना मुलाकडे घर आहे का, गाडी आहे का, आणि अमेरिकनची चिठ्ठी आहे का, असं विचारायला लागले. शेजारच्या वसाहतीतून लोक येऊ लागले. त्यांना फू काका आधी विचारत की तुमच्याकडे स्वतःचा अमेरिकन नाही का, आणि मग रांगेच्या शेवटी उभं करत.

हे सगळं रहिवासी समितीच्या च्याओ बाईंच्या कानावर जाणारच होतं. त्या वही घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं की पार्सलच्या खोलीत परदेश कुणाच्या परवानगीने उघडलाय? फू काकांचा चेहरा पडला. वेंडेल स्टुलावरून उठला. पण च्याओ बाई अनुभवी होत्या. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या हिशेब मांडला. बंद केलं तर ते उघडं कसं होतं यावर अहवाल लिहावा लागेल. चालू ठेवलं तर ते किती चांगलं चाललंय यावर. दुसरा अहवाल त्यांना तोंडपाठ होता. दुसऱ्या दिवशी खिडकीवर 'नागरिक सोय खिडकी' अशी पाटी लागली, वेंडेलच्या दंडावर स्वयंसेवकाची लाल पट्टी आली, दुपारी जेवणाची दोन तास सुट्टी सुरू झाली आणि महिन्याला शंभर माणसांचं उद्दिष्ट ठरलं. च्याओ बाईंनी स्वतःही नंबर लावला. परत कशासाठी याल? अहवाल द्यायला, त्या म्हणाल्या. इतकं खरं उत्तर वेंडेलने तोवर ऐकलं नव्हतं. त्याने शिक्का दोनदा मारला.

एकट्या लुआन मावशी मात्र पास होत नव्हत्या. अकरा वेळा उभ्या राहिल्या, अकरा वेळा परत गेल्या. सगळ्यांना वाटे की धाकटा वेन मुद्दाम कडक वागतोय, मावशींच्याच सांगण्यावरून. वेंडेललाही आधी तसंच वाटे. पण आता त्याला टोक बघता येऊ लागलं होतं. प्रश्न विचारला की मावशींचा हात फाइलकडे जाई आणि नजर खिडकीच्या चौकटीकडे. त्यांच्याकडे कागद चौदा होते. उत्तर नव्हतं.

आठ एप्रिलला, शेवटच्या तालमीला, मावशी फाइल न घेता आल्या. त्यांनी रांगेतल्यांना घरी पाठवलं. फू काकांनाही चहाचं पाणी आणायला पिटाळलं.

"आपण परत कशासाठी याल?" वेंडेलने लिफ्टच्या आवाजात विचारलं.

"खरं सांगू? माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "नवरा गेला. कारखाना होता तिथे आता मॉल आहे. आम्ही नाचतो ती जागा पार्किंगला देणार म्हणतात. लेक तिकडे, नात तिकडे. त्या काचेमागच्या पोराचं चुकलं नव्हतं रे. मीच सव्वीस वर्षं हे काम केलंय. मी असते तर मीही नापास केलं असतं."

वेंडेलच्या हातात शिक्का होता. नापास करायला पहिल्यांदाच खरं कारण मिळालं होतं आणि हात उचलत नव्हता. उद्या त्या अशाच बोलल्या तर शंभरावा दिवस गेला. उद्या त्या खोटं बोलल्या तर तोंडावरून कळणार, कारण सव्वीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं वाचणाऱ्या माणसाला स्वतःचं तोंड लपवता येत नाही.

"तुझं काय?" मावशींनी विचारलं. "सहा महिन्यांसाठी आलेलास. तुझ्या आईला लोक विचारत असतील, पोरगा कधी येणार. ती काय सांगते?"

वेंडेल म्हणाला की प्रश्न खिडकीच्या या बाजूने विचारले जातात. मग, स्वतःच्या आवाजात, म्हणाला की पहिली काही वर्षं ती सांगायची, नाताळला येईल. हल्ली ती मला फोनवर फक्त हवा कशी आहे ते विचारते.

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, कोपरावर सोया सॉसचा डाग होता. मग त्या निघून गेल्या. अर्ज शिक्क्याविना तसाच पडून राहिला, आणि संध्याकाळी च्याओ बाईंचा आकडा एकाने कमी भरला. त्या बराच वेळ फू काकांवर संशय घेत होत्या.

नऊ तारखेला वेंडेल त्यांच्याबरोबर वकिलातीपर्यंत गेला. आत जायला त्याला परवानगी नव्हती. दारावरच्या शिपायाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दंडावरच्या लाल पट्टीवर नजर थांबवली. ती काढायची तो विसरला होता. फूटपाथवर फायली छातीशी धरलेले आईबाप उभे होते. कुणाला तरी पट्टी बघून वाटलं की हाच माहिती देणारा, आणि पाच मिनिटांत वेंडेलभोवती रांग लागली. त्याने टोकं बघायला सुरुवात केली. दुसरं काही सुचत नव्हतं.

चाळीस मिनिटांनी मावशी बाहेर आल्या. तोंड असं की वेंडेलने छापील कागदासाठी हात पुढे केला.

"पास," त्या म्हणाल्या, आणि तडक बसथांब्याकडे चालू लागल्या. बसमध्ये जागा मिळाल्यावर त्यांचा राग बाहेर आला. खिडकीत एक पोरगी होती, जेमतेम पंचविशीची. घराचा दाखला बघितला नाही, पेन्शन बघितलं नाही, आदर्श कामगाराचं प्रमाणपत्र तर तिने हातानेच बाजूला केलं. असं काम आमच्याकडे करणारी एक आठवडा टिकली नसती.

वेंडेलने विचारलं, तिने तो प्रश्न विचारला का?

"विचारला. मी म्हटलं, घरी एक अमेरिकन आहे."

वेंडेल त्यांच्याकडे वळला.

"तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली. म्हटलं, तुमचाच आहे. नऊ वर्षं झाली, न्यायला कुणी आलं नाही. त्याला भात लावता येत नाही. थंडीत घोटे उघडे टाकून हिंडायचा, मी कापसाची विजार घेऊन दिली. फ्रीजरमध्ये तीन महिन्यांचे डंपलिंग करून ठेवलेत, मोजून. चौथ्या महिन्यात मी इथे नसले तर तो मरेल, आणि मग त्याची जबाबदारी तुमची. ती म्हणाली, पुरावा आहे का? मी तुझा फोटो दिला. विजार घालून पातेल्यातून खातोस तो. सगळ्या फाइलमधला तेवढाच कागद तिने नीट बघितला. बराच वेळ बघितला. मग आत जाऊन आणखी दोघांना दाखवून आली."

"मी मरेन असं सांगितलंत?"

"खोटं आहे?"

वेंडेलने खिडकीबाहेर बघितलं. मावशींनी त्याच्या शर्टाची कॉलर ओढून बटणाची जागा बोटाने चाचपली.

एकवीस तारखेला मावशी गेल्या. शंभराव्या दिवसाला पाच दिवस बाकी असताना ओहायोत पोचल्या, आणि बाळाला मांडीवर घेऊन काढलेला फोटो वसाहतीच्या ग्रुपवर आला. वसाहतीने फटाके लावले. इथवर सगळं छान झालं होतं. पण फोटोखाली मावशींनी, लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून, आपण खिडकीत काय उत्तर दिलं ते सविस्तर लिहिलं.

वसाहतीत खरोखर अमेरिकेला जायचंय अशी माणसं होती सहा. तोंग आजोबांनाही आता जायचं होतं. एवढी चिठ्ठी मिळालीय तर वाया कशाला घालवायची, असा त्यांचा विचार. आठवड्याभरात या सातही जणांच्या घरी एक अमेरिकन असल्याचं निष्पन्न झालं. त्याला भात लावता येत नव्हता. फक्त पुरावा बाकी होता. सकाळी साडेसहाला तोंग आजोबा सुपाचं भांडं घेऊन सहाव्या मजल्यावर आले आणि सोबत पुतण्याला फोटो काढायला घेऊन आले. त्यांच्या मागे जिन्यात पेई वांग्याची भाजी घेऊन उभी होती. तिची बहीण सिॲटलला असते. वेंडेलने दार लावून बघितलं. च्याओ बाईंनी मग जिन्यात नंबर वाटले आणि प्रत्येकाला वीस मिनिटं ठरवून दिली, कारण एकाच ताटातला फोटो दोन अर्जांना लागला तर वसाहतीची अब्रू जाईल. दर फोटोत शर्ट वेगळा हवा. पातेलं मात्र तेच.

मे महिन्यात वेंडेल नऊ किलोंनी वाढला. तीस तारखेला त्याला फोन आला, वकिलातीतून. नऊ वर्षांत पहिलाच. पलीकडे एक तरुण बाई होत्या. त्या जपून बोलत होत्या. म्हणाल्या की आपला फोटो आमच्याकडच्या सात वेगवेगळ्या अर्जांत आढळला आहे. दर फोटोत आपण खाताना दिसता. दर फोटोत भरवणारी व्यक्ती वेगळी आहे. आपण सुरक्षित आहात का? आपल्याला कुणी डांबून ठेवलंय का? बोलता येत नसेल तर नुसतं खोकलात तरी चालेल.

वेंडेलच्या तोंडात मासा होता, म्हणून तो खोकला. नंतर ते निस्तरायला त्याला दहा मिनिटं लागली.

मग बाईंनी विचारलं की या सातजणांपैकी आपली काळजी खरोखर कोण घेतं. वेंडेल म्हणाला, तिथे सातात जे नाव नाही ते. त्या ओहायोला आहेत. बाई म्हणाल्या, हो, त्या मला आठवतात. आणि मग, कागदासाठी विचारतेय म्हणाल्या, "तुमच्या मते त्या परत येतील का?"

दारावर थाप पडली. वेंडेलने फ्रीजर उघडून बघितला. रोजच्या भरण्यामुळे मावशींच्या डंपलिंगना त्याने महिनाभर हातच लावला नव्हता. तीन महिन्यांचे होते ते सगळेच्या सगळे तिथे होते, पिशव्यांवर तारखा घातलेले. हे मावशींना कळलं तर त्यांना वाटेल की याचं आपल्यावाचून चाललंय, मग परत कशासाठी यायचं.

"येतील," तो म्हणाला. "पण एक करा. तोंग आजोबांना लवकरात लवकर पास करा, त्यांच्या सुपात मीठ नसतं. पेईलाही सोडा. सगळ्या सातांना सोडा. या आठवड्यात जमलं तर बरं, कारण मला उपाशी राहायला सुरुवात करायचीय."

पलीकडे बराच वेळ लिहिण्याचा आवाज येत राहिला. दारावर दुसरी थाप पडली. वेंडेलने फोन कानाशी तसाच धरून पातेल्यात पाणी घेतलं, चुलीवर चढवलं, आणि पहिल्या पिशवीतले सहा डंपलिंग मोजून बाहेर काढले.